फुकटची मेहेरबानी

लाच म्हटली की पावडर लावलेल्या नोटा, साध्या वेशातले पंच आणि दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'रंगेहाथ पकडले' हे सगळं डोळ्यांपुढे येतं. आज मी बोलणार आहे ते ज्यात नोट दिसतच नाही अशा प्रकाराबद्दल. साहेबांनी ठेकेदाराला झुकतं माप दिलं, पण स्वतः काही घेतलं, हे कुणाला सिद्ध करता येत नाही. मग हा गुन्हा धरायचा का?

बरीच वर्षं आपला कायदा 'हो' म्हणत होता. 1988च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याच्या तेराव्या कलमात एक छोटंसं पोटकलम होतं. पदावर असताना, सार्वजनिक हित नसताना, कुणालाही आर्थिक फायदा मिळवून दिला तर तो गुन्हा. साहेबांच्या खिशात काय गेलं, हे विचारायची त्यात सोयच नव्हती.

त्याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे माजी केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम. 1996 साली सीबीआयच्या छाप्यात त्यांच्या घरांतून साडेतीन कोटींहून अधिक रोकड निघाली, ती अनेकांना आठवत असेल. पण मी सांगतोय तो खटला वेगळा. ग्रामीण टेलिफोनसाठी लागणारी रेडिओ यंत्रणा हैदराबादच्या एका कंपनीकडून चढ्या दरानं घेतली, आणि सरकारला 1 कोटी 66 लाखांचा खड्डा पडला, असा हा आरोप. मंत्र्यांबरोबर कंपनीचे संचालक आणि खात्याच्या वित्त शाखेतल्या अधिकारी रुणू घोष यांनाही 2002 मध्ये शिक्षा झाली. दिल्ली उच्च न्यायालयानं डिसेंबर 2011 मध्ये ती कायम केली. या पोटकलमाखाली गुन्हेगारी हेतू सिद्ध करायची गरज नाही, असं न्यायालयानं म्हटलं. पण प्रत्येक चुकलेला निर्णय गुन्हा होत नाही, हेही सांगितलं. लोकहिताकडे सरळसरळ पाठ फिरवली का, घ्यायची ती खबरदारी बेफिकिरीनं टाळली का, हे बघायचं.

आता दुसरी फाईल उघडू. एच. सी. गुप्ता हे केंद्रात कोळसा सचिव होते. मध्य प्रदेशातली एक कोळसा खाण एका खासगी कंपनीला देण्याची शिफारस झाली. कंपनीचा अर्ज अपुरा होता, छाननीतच बाद व्हायला हवा होता. मे 2017 मध्ये विशेष न्यायालयानं गुप्तांना दोन वर्षांची शिक्षा दिली. पात्रता तपासली आहे असं भासवून फाईल पंतप्रधानांकडे पाठवली, हा ठपका. कोळसा खातं तेव्हा पंतप्रधानांकडेच होतं. याच गुप्तांनी वर्षभर आधी कोर्टाला सांगितलं होतं की वकिलांचा खर्च झेपत नाही, तुरुंगातूनच खटल्याला तोंड देतो. आयएएस अधिकाऱ्यांची संघटना त्यांच्या पाठीशी उभी राहिली. माणूस सचोटीचा, असं सहकारी सांगत होते. असेलही. पण न तपासलेल्या अर्जाला तपासलेला म्हणायचं, याला मी तरी भाबडी चूक म्हणणार नाही.

या खटल्यांनी सचिवालयांत धास्ती पसरली. फायलींवर 'चर्चा करावी' एवढाच शेरा पडू लागला, सही करायला कुणी धजेना, अशी ओरड झाली. ओरड अगदी खोटी नव्हती. 26 जुलै 2018पासून सुधारित कायदा लागू झाला आणि ते पोटकलम गेलं. आता अधिकाऱ्याचा हेतू आणि त्यातून मिळवलेला गैरवाजवी लाभ, हे दाखवावं लागतं.

इथं माझं जरा वेगळं मत आहे. प्रामाणिक अधिकाऱ्याला संरक्षण हवंच. पण ठेकेदारीचं जग जवळून पाहा. निविदेची अट अशी घातली जाते की ती एकाच कंपनीला बसावी. मोठं काम तुकडे पाडून विभागलं जातं, म्हणजे जाहीर निविदेची मर्यादा चुकवता येते. काम मिळाल्यावर 'वाढीव काम' निघतं, आणि सर्वांत कमी दरानं ज्यानं काम घेतलं त्याचंच बिल शेवटी सर्वांत जास्त होतं. सगळ्यावर रीतसर टिपणी, खाली 'मान्य'. यातल्या मेहेरबानीची परतफेड त्याच महिन्यात होते असं थोडंच आहे? साहेब निवृत्त होतात, मग कुठं सल्लागारपद, कुठं मुलाला नोकरी. त्या दोन टोकांची गाठ कोर्टात बांधून दाखवणं महाकठीण. जुनं पोटकलम बोथट न करता नीट घासून घेता आलं असतं. बेफिकिरी आणि साधी चूक यांतला फरक 2011च्या निकालानं दाखवलाच होता. तोच कायद्यात लिहायचा. आपण पोटकलमच उपटून टाकलं.

शिवाय 17अ हे नवं कलम आलं. अधिकाऱ्याच्या शिफारशीबद्दल किंवा निर्णयाबद्दल चौकशी सुरू करायची, तर आधी सरकारची परवानगी हवी. तीन महिन्यांत उत्तर द्यायचं, कारण नोंदवून आणखी एक महिना. लाच घेताना जागीच अटक झाली तर मात्र ही परवानगी लागत नाही. म्हणजे पाचशे रुपये घेताना सापडलेल्या तलाठ्याचा तपास त्याच दिवशी सुरू होतो, आणि शेकडो कोटींच्या ठेक्यावर सही करणाऱ्याची फाईल आधी परवानगीसाठी मंत्रालयात जाते.