टक्का कशाचा?

मी शाळेत भूगोल शिकवतो. एकदा नववीच्या वर्गात मी फळ्यावर तीन आकडे लिहिले. भारत ४५ टक्के, ब्राझील ५९ ते ६७ टक्के, बांगलादेश ६.७३ टक्के. २०१५च्या पॅरिस करारानुसार या देशांनी उत्सर्जन कमी करण्याची जी वचने दिली, त्यांतले हे आकडे. मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, "सर, बांगलादेश नापास!" वर्ग हसला, मीही हसलो. घरी जाताना मात्र ते हसणे मला खुपत राहिले. चूक तिची नव्हती. आकडे अर्धवट लिहिले होते मी.

टक्का दिसला की आधी विचारावे, कशाचा? भारताने २०२२ मध्ये जाहीर केलेले ४५ टक्के एकूण उत्सर्जनातले नाहीत. देशाच्या उत्पन्नातल्या प्रत्येक रुपयामागे २००५ साली जेवढे उत्सर्जन होत होते, ते २०३० पर्यंत तेवढ्या टक्क्यांनी घटवायचे आहे. उत्पन्न तिप्पट झाले, तर वचन पाळूनही एकूण उत्सर्जन दीडपटीहून जास्त होईल. यात लबाडी नाही. ज्या देशाला अजून पुष्कळ उभारायचे आहे, त्याने वाढीला जागा ठेवली आहे.

दुसरा प्रश्न, कधीपासून? ब्राझीलने २०२४ मध्ये २०३५ पर्यंत एकूण उत्सर्जनच घटवण्याचे वचन दिले, पण मोजणी २००५ पासूनची. त्या सुमारास ॲमेझॉनमध्ये प्रचंड जंगलतोड चालू होती. वरच्या पायरीवरून मोजले की उतरण मोठी दिसते.

तिसरा प्रश्न, कोणाच्या पैशाने? बांगलादेशाने २०२१ मध्ये सांगितले की, आहे तसेच चालू राहिले तर २०३० मध्ये जेवढे उत्सर्जन होईल, त्यातले ६.७३ टक्के आम्ही स्वबळावर कमी करू. बाहेरची मदत मिळाली, तर आणखी १५.१२ टक्के. म्हणजे वचनाचा मोठा भाग दुसऱ्याच्या तिजोरीत अडकलेला. जगाच्या उत्सर्जनात या देशाचा वाटा एक टक्काही नाही. समुद्राचे खारे पाणी मात्र त्याच्या किनाऱ्यावरच्या शेतांत शिरते.

दुसऱ्या दिवशी मी तेच आकडे या तीन प्रश्नांसह पुन्हा लिहिले. ती मुलगी बराच वेळ फळ्याकडे पाहत होती. मग म्हणाली, "सर, पेपरच वेगवेगळे आहेत. मग एकत्र निकाल कसा लावायचा?"

लावू नये, मी म्हणालो. पण ज्याचा त्याचा पेपर नीट तपासायलाच हवा. कारण पेपर वेगळे असले, तरी सगळ्यांच्या उत्सर्जनाची बेरीज एकाच हवेत होते.