तारेचा रंग किती खरा?

इंदूर, ग्वाल्हेर किंवा बडोद्याच्या जुन्या पेठेतील एखादा वाडा डोळ्यांपुढे आणावा. माजघराच्या भिंतीवरून लाकडी पट्टी गेलेली आहे. तिच्यावर पत्र्याच्या चिमट्यांनी आवळलेल्या रबरी तारा चुन्याचे हात बसून पांढरट झाल्या आहेत. शेजारच्या खोलीत प्लॅस्टिकच्या नळीतून नव्या रंगीत तारा फिरतात, तर स्वयंपाकघरात परदेशाहून आलेले एखादे यंत्र आपली वेगळीच दोरी घेऊन बसलेले असते. अशा घरात पंखा बदलण्यासाठी छतावरचे वाटोळे लाकडी ठोकळे उघडले आणि आतून दोन काळ्या व एक निळी तार बाहेर आली, तर त्यांतील जिवंत तार कोणती? प्रश्न साधा दिसतो. पण उत्तर चुकले, तर चूक दुरुस्त करण्यास माणूस उरेलच असे नाही.

घरातील तारांची कामे मुख्यतः तीन. पहिली तार वीज आणते. तिला फेज म्हणतात आणि तिच्यावर २३० व्होल्टचा दाब असतो. दुसरी तार प्रवाहाला परतीची वाट देते, ती न्यूट्रल. तिसरी अर्थिंगची. ती एरवी स्वस्थ असते. पण इस्त्रीच्या किंवा शीतकपाटाच्या धातूच्या अंगात वीज उतरली, तर तिला जमिनीची वाट दाखवून माणसाचा जीव वाचविते. भारतात परंपरेने फेजला लाल, न्यूट्रलला काळा आणि अर्थिंगला हिरवा रंग चालत आला. तीन फेजचा पुरवठा असेल, तर त्या तिन्हींना अनुक्रमे लाल, पिवळा आणि निळा रंग देतात.

परंतु रंग हा मनुष्याने ठरविलेला संकेत आहे. विजेचा तो गुण नव्हे. देश बदलला की संकेतही बदलतो. अमेरिकेतील घरांत काळी तार जिवंत असते आणि पांढरी न्यूट्रल. म्हणजे आपल्याकडे जी परतीची, तीच तेथे मारक! जर्मनीत १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत लाल तार चक्क संरक्षक अर्थिंगची होती. त्या काळातील जर्मन यंत्राची लाल तार आपल्या फेजला जोडली, तर यंत्राचे सारे धातूचे अंग जिवंत होईल.

हा गोंधळ मिटविण्यासाठी आंतरराष्ट्रीय संकेत ठरला: तपकिरी फेज, निळी न्यूट्रल आणि हिरव्या-पिवळ्या पट्ट्यांची अर्थिंग. या पट्ट्या केवळ शोभेच्या नव्हेत. काही पुरुषांना जन्मतःच लाल आणि हिरवा यांतील भेद नीट कळत नाही. अशा डोळ्यांनाही दोन रंगांचा पट्टा ओळखता येतो. ब्रिटनने घराच्या पक्क्या तारांसाठी हा संकेत २००४ मध्ये मान्य केला आणि ३१ मार्च २००६ नंतरच्या नव्या कामाला तो बंधनकारक झाला. जेथे जुने-नवे रंग एकत्र येतील, तेथे वीजफलकावर धोक्याची सूचना लावण्याचा नियमही झाला.

आपल्या घरांतील खरी गोम निळ्या तारेत आहे. तीन फेजच्या घरात भिंतीतील निळी तार ही एक जिवंत फेज असू शकते, आणि त्याच घरातील यंत्राच्या दोरीतील निळी तार मात्र न्यूट्रल असते. एकाच छपराखाली एकच रंग दोन परस्परविरुद्ध अर्थ सांगतो! ‘निळ्याला निळी’ असा हिशेब करणारा येथे हमखास फसतो.

जुन्या घरात तर रंगाची साक्ष आणखीच दुबळी. कित्येक रबरी तारांचे बाहेरचे आवरण सरसकट काळेच असे. नंतरच्या दुरुस्तीत वायरमनच्या पिशवीत जो तुकडा शिल्लक असेल, तो जोडला गेला. शिवाय बटणापासून दिव्यापर्यंत जाणारी तार, जिला कारागीर ‘हाफ’ म्हणतात, ती काळी असली तरी बटण दाबताच जिवंत होते. जिन्यातील दिव्याला खाली-वर दोन बटणे असतात. त्यांच्यामधील दोन तारा तर आळीपाळीने जिवंत होतात. याहून घातक चूक म्हणजे बटण फेजवर न बसविता न्यूट्रलवर बसविणे. तेव्हा दिवा विझतो, माणूस निर्धास्त होतो. पण होल्डरमध्ये वीज तशीच उभी असते.

मग ओळखावे कसे? सारे जोडकाम मुख्य स्विच बंद करूनच करावे आणि कोणी तो चुकून चालू करणार नाही याची तजवीज ठेवावी. ज्या तारेला हात लावायचा, ती खरोखर मृत आहे याची परीक्षा करावी. त्यासाठी वापरायचा टेस्टर आधी चालू असलेल्या जागी लावून पाहावा, मग संशयित तारेवर, आणि शेवटी पुन्हा चालू जागी. कारण बिघडलेला टेस्टरही ‘वीज नाही’ असेच सांगतो. टेस्टर पेटला नाही म्हणून ती तार न्यूट्रलच, असेही समजू नये. ती तुटलेली किंवा अर्थिंगची असू शकते. उलट, न्यूट्रल पुढे कोठे तुटली असेल, तर चालू दिव्यातून तिच्यावरही दाब येतो. फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यामधील दाब मापकयंत्राने मोजल्यावाचून निर्णय देऊ नये, आणि हे काम परवानाधारक वायरमनचेच आहे.

गृहस्थाने मात्र दोन गोष्टी अवश्य कराव्यात. जीर्ण रबरी तारा बदलून घेताना मुख्य फलकावर गळतीचा प्रवाह ओळखून पुरवठा तोडणारे, ३० मिलिअँपियरचे संरक्षक उपकरण बसवून घ्यावे. दुसरे, काम संपताच कोणत्या रंगाची तार कोणत्या कामाची, हे कागदावर लिहून तो फलकाच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवावा आणि बेरंग तारांच्या टोकांना योग्य रंगाची फीत गुंडाळावी. आजचा कारागीर उद्या भेटेलच असे नाही, आणि बांधणाऱ्याच्या डोक्यातील नकाशा त्याच्याबरोबरच जातो. वीस वर्षांनी तेच ठोकळे उघडणाऱ्या अनोळखी हाताला तो कागद सावध करील.