वीजगाडीचे आकडे कसे वाचावेत?

परंड्याहून बार्शी पंचवीस-तीस किलोमीटर. पुणे दोनशेच्या थोडे पुढे. हे दोन आकडे आधी मनात धरा आणि मग विजेवर चालणाऱ्या, सात माणसांच्या गाडीचं माहितीपत्रक हातात घ्या. पुष्कळ मंडळी उलटं करतात. पत्रकातला सर्वांत मोठा आकडा वाचतात आणि भुलतात.

उदाहरणादाखल किया कंपनीची कॅरेन्स क्लाव्हिस ईव्ही घेऊ. ही जुलै २०२५ मध्ये आपल्या देशात विक्रीला आली. तिच्या बॅटऱ्या दोन प्रकारच्या. एक ४२ युनिटांची, दुसरी ५१.४ युनिटांची. हे युनिट म्हणजे आपल्या वीजबिलावरचंच युनिट, बरं का. पत्रकात लहान बॅटरीचा पल्ला ४०४ किलोमीटर दिला आहे, मोठीचा ४९०. आता भागाकार करा. युनिटाला साधारण साडेनऊ किलोमीटर पडले.

हा आकडा खोटा नाही. पण तो प्रयोगशाळेत, रोलरवर चाकं फिरवून काढलेला आहे. तिथं मे महिन्याचं ऊन नाही, मागच्या बाकावर आजी आणि तिची वळकटी नाही. सात माणसं, गार हवेचं यंत्र चालू आणि महामार्गाचा वेग धरला, तर युनिटाला साडेसहा किलोमीटर मानावेत, असा माझा हिशोब. शिवाय बॅटरीचा पाचवा हिस्सा शिल्लक राखावा. म्हणजे मोठ्या बॅटरीवर सुमारे २६७ किलोमीटर, लहानीवर २१८. पुण्याला निघालात तर लहान बॅटरी अगदी काठावर आली! पण बार्शीला रोज जाऊन येणाऱ्याला तीच पुरून उरते. त्यानं मोठीसाठी जादा पैसे का मोजावेत? महिंद्र कंपनीच्या ई-सुप्रोचा पल्ला २०१६ साली कागदावर ११२ किलोमीटर होता आणि वेग ताशी ६०. बार्शीची खेप तिनंही केली असती.

गुरुजी, हा भागाकार सातवीच्या मुलांना जरूर घाला. पुस्तकातल्या हौदापेक्षा त्यात त्यांचं मन रमेल.

पल्ल्याची चर्चा फार होते, वीज भरण्याची होत नाही. घरातल्या १५ अँपिअरच्या प्लगमधून तासाला तीनच युनिटं जातात असं धरा. मोठी बॅटरी पूर्ण रिकामी असेल तर सतरा-अठरा तास सलग वीज पाहिजे. मध्ये लाईट गेली की तेवढा वेळ वाढला. वीजबिलावर ‘मंजूर भार’ छापलेला असतो, तो आधी पाहा. एक-दोन किलोवॅटच असेल तर वाढवून घ्यावा लागेल. अर्थिंगही तपासून घ्या. विहिरीवरच्या पंपाच्या जोडणीवर गाडी लावण्याचा मोह होईल, पण तसं करू नका. शेतीसाठी दिलेली वीज दुसऱ्या कामाला वापरणं हा २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे अनधिकृत वापर ठरतो, आणि दंडाचं बिल येतं.

दहा टक्क्यांपासून ऐंशीपर्यंत ३९ मिनिटांत भरते, असंही पत्रक सांगतं. खरं आहे, पण त्यासाठी १०० किलोवॅटचं यंत्र पाहिजे. वाटेत ३० किलोवॅटचं मिळालं तर मोठ्या बॅटरीला सव्वा तास तरी बसून राहायचं.

शक्तीचे आकडे मी सोडूनच देतो. बार्शीहून येडशीकडे जाताना चढ लागतो, त्याला लहान बॅटरीच्या गाडीचे ९९ किलोवॅट भरपूर झाले. उतरताना थोडी वीज बॅटरीत परतही येते. सामानाची जागा मात्र नीट पाहा. सातही जण बसले की मागे २१६ लिटर उरते, म्हणजे धान्याची फार तर तीन पोती. गाडीच्या पोटाखाली २०० मिलिमीटर मोकळे आहेत, पण माणसं बसली की ते कमी होतात. ओढ्यावरच्या फरशीशी आणि वस्तीवरच्या चाकोरीशी ताडून बघा.

विक्रेता गाडी चालवून पाहायला देतो. तेव्हा एकटे जाऊ नका, घरची सगळी मंडळी बसवा. निघताना बॅटरीचे टक्के लिहून ठेवा, आणि पन्नास-साठ किलोमीटर फिरून आल्यावर पुन्हा लिहा. लहान बॅटरीत वीस-बावीस टक्के गेले, तर वरचा हिशोब जमला. तीस गेले, तर पुण्याच्या वाटेवर कुठं थांबायचं ते ठरवल्याशिवाय पैसे भरू नका.