"मधली अकरा वर्षं काय केलंत?"

(पिशोर, ता. कन्नड येथे तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला दिलेला विषय आहे 'मोठ्या खंडानंतर मुलाखतीला जाताना'. नोकरीच्या मुलाखतीबद्दल सांगणारे पुष्कळ आहेत. मी सांगणार आहे ते बिनपगारी कामाच्या मुलाखतीबद्दल. मागच्या वर्षी मी शहरातल्या एका संग्रहालयात स्वयंसेवक होण्यासाठी अर्ज केला. घरी सांगितलं तेव्हा जाऊबाई हसत म्हणाल्या, "पगार नाही, आणि वर मुलाखत?" पण विचार करा, तिथं शेकडो वर्षांपूर्वीची नाणी, कापड, कागद ठेवलेले असतात. बघायला आलेला माणूस आपण सांगू ते खरं धरून घरी जातो. अशा जागी कुणालाही उभं करून चालत नाही.

माझं थोडक्यात सांगते. सहा वर्षं खासगी शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. मग धाकट्याचा जन्म झाला, त्याच वर्षी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला. शाळा सुटली ती अकरा वर्षं. त्याबद्दल मला कुणाची दया नको, कौतुकही नको. मी सासूबाईंचं केलं, आणि त्यांनी अंथरुणावरून गोष्टी सांगत माझी दोन्ही मुलं सांभाळली. प्रश्न एवढाच होता की अर्जात 'सध्याचा व्यवसाय' असा रकाना होता. मिस्टर म्हणाले, "गृहिणी लिही, मोकळी हो." ते मी लिहिलंच, त्यात लाजण्यासारखं काय आहे? पण त्याआधी एका ठिकाणी, कुठं ते सांगत नाही, मला विचारलं गेलं होतं, "म्हणजे इतकी वर्षं काहीच केलं नाही?" ते 'काहीच' मला खुपलं होतं. म्हणून एक वही घेतली आणि अकरा वर्षांत हातून काय काय झालं ते लिहून काढलं. स्वयंपाक, धुणी-भांडी सोडून. तयारीतलं सगळ्यात उपयोगाचं काम हेच ठरलं.

वहीत पहिल्यांदा आलं उर्दू. मी उर्दू घरी शिकले, आजोबांकडून. गल्लीतले लोक जुने कागद घेऊन यायचे, निकाहनामा, जमिनीची नक्कल, आणि म्हणायचे, "बाजी, हे वाचून दाखवा." मी वाचून दाखवायचे, सोप्या मराठीत लिहून द्यायचे. याला मी काम म्हणतच नव्हते. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि तिथल्या कारभाराची भाषा उर्दू होती, हे आपण शाळेत शिकतो आणि विसरतो. २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झालं, तेव्हा निजामकाळातले उर्दू आणि मोडी कागद वाचणाऱ्यांची गरज पडली. ज्या लिपीला आपली मुलं 'मदरशातलं' म्हणून सोडून देतात, त्या लिपीत मराठवाड्यातल्या सगळ्या जातिधर्मांच्या लोकांचे कागद आहेत. तुमच्यापैकी ज्यांना उर्दू वाचता येतं त्यांनी अर्जात ते वरच्या बाजूला लिहा.

दुसरं, कापड. माझ्या अम्मीच्या संदुकीत नानांची हिमरूची शेरवानी आहे. हिमरू म्हणजे सूत आणि रेशीम एकत्र विणलेलं, आपल्या औरंगाबादचं कापड. अम्मी दरवर्षी पावसाळा सरला की ती बाहेर काढते, सावलीत वारा देते, आणि पुन्हा ठेवताना घडी बदलते. एकाच जागी घडी राहिली की कापड तिथंच चिरतं. गुंडाळायला धुतलेलं मलमल, सोबत कडुनिंबाचा वाळलेला पाला, कसर लागू नये म्हणून. संग्रहालयातही घडीची हीच धास्ती असते. तिथं जमेल तेव्हा कापड नळीवर गुंडाळून ठेवतात, नाहीतर घडीत मऊ कागद भरतात. मुलाखतीत मला विचारलं, "जुनी वस्तू हाताळायचा अनुभव आहे?" मी संदुकीचं सांगितलं. समोरच्या मॅडमनी पेन खाली ठेवलं आणि नीट ऐकायला लागल्या. आपल्या अम्मी-नानींना संवर्धन हा शब्द माहीत नसेल, पण जुनी सुरई काठाला किंवा कानाला धरून उचलायची नाही, दुसरा हात बुडाखाली घालायचा, हे त्यांनी आपल्याला मारून शिकवलेलं आहे.

आता अभ्यासाचं. बरेच जण मुलाखतीआधी संग्रहालयाचा इतिहास पाठ करतात. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयाची पायाभरणी १९०५ ची, भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ चं, वगैरे. हे माहीत असावं, पण यावर कुणी निवडत नाही. मी स्वतःला एक प्रश्न विचारला, पिशोरची बाई या कामात काय आणू शकते? उत्तर आपल्या तालुक्यातच होतं. पितळखोरा.

तुमच्यापैकी किती जण गेलात? हात वर करा. बघा, पाच. कन्नड तालुक्यात, सातमाळ्याच्या डोंगरात ही लेणी आहेत. त्यातली सर्वांत जुनी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली धरतात, म्हणजे वेरूळच्या कितीतरी आधीची. १९५० च्या दशकात पुरातत्त्व विभागाच्या म. न. देशपांडे यांनी तिथला ढिगारा हटवला, तेव्हा त्यात एक यक्ष सापडला. बुटका, पोट सुटलेला, डोक्यावर वाडगं आणि तोंडभर हसू. त्याच्या हातावर ब्राह्मी लिपीत कोरलंय की हा कन्हदास नावाच्या सोनाराने केला. सोनार, आणि काम दगडावर! तो यक्ष आता दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. आपल्या शेजारचा माणूस दिल्लीला राहतो आणि आपल्याला त्याचं नावही माहीत नाही.

तिथल्या दुसऱ्या एका लेखात पैठणच्या एका दात्याचं नाव आहे, मितदेव, गंधिकाच्या घराण्यातला. गंधिक म्हणजे सुगंधी द्रव्यांचा व्यापारी. आपल्या भाषेत अत्तरवाला. हे वाचलं तेव्हा मला शहागंजातली अत्तराची दुकानं आठवली. धंदा तोच, वाटही तीच, पैठणकडून डोंगराकडे. धर्म बदलले, राज्यं बदलली, वासाचा व्यापार चालूच राहिला. इतिहास शिकवताना हे मला कुणी सांगितलं नव्हतं, पुस्तकात लेण्यांची नुसती यादी होती.

यानंतर मी ज्या संग्रहालयात अर्ज केला होता ते तीनदा पाहिलं. पहिल्यांदा सगळं. दुसऱ्यांदा एकच दालन, दोन तास. तिसऱ्यांदा वस्तूंकडे पाहिलंच नाही, माणसांकडे पाहिलं. कुठल्या कपाटापाशी लोक थांबतात, कुठून सरळ पुढे जातात, मुलं काय विचारतात, म्हाताऱ्या माणसांना बसायला कुठं मिळतं. आणि लोक सर्वांत जास्त काय विचारतात? "बाथरूम कुठंय?" मुलाखतीत हे सांगितल्यावर सगळे हसले, मग त्यातल्या एकांनी ते लिहूनही घेतलं.

घरी सराव करायला मुलीला समोर बसवलं. ती नववीत आहे, दया-माया नाही. तिनेच तो प्रश्न काढला ज्याची मला खरी भीती होती. "अम्मी, कुणी औरंगजेबावरून भांडायला लागलं तर?"

आपल्या शहरात हा प्रश्न येणारच. तिथल्या छत्रपती शिवाजी महाराज पुराणवस्तू संग्रहालयात औरंगजेबाच्या हातचं म्हणून ओळखलं जाणारं कुराण आहे. त्याच्यापुढे एक माणूस रागाने उभा राहतो, दुसरा अदबीने. दोघंही वस्तूकडे पाहत नाहीत. स्वयंसेवक तिथं बुरखा घालून, नाहीतर डोक्यावर ओढणी घेऊन उभी असेल, तर दोघंही तिच्याकडे पाहतात, ती कुणाची बाजू घेते म्हणून. मी मुलीला म्हटलं, मी कागदापासून सुरुवात करेन. हा कागद कसा आहे, शाई कशी, अक्षराचं वळण कुठलं, हे त्याच्या हातचं म्हणतात ते कशावरून. एखादी गोष्ट आपल्याला कशी कळते, हे दाखवायला लागलं की बराचसा राग खाली बसतो. सगळा बसत नाही. उरलेल्या रागापुढे शांतपणे पर्यवेक्षकांना बोलवायचं, वाद घालायचा नाही. मुलाखतीत हा प्रश्न जवळजवळ याच शब्दांत आला, आणि मी हेच उत्तर दिलं.

शेवटी त्यातले एक सर अगदी प्रेमाने म्हणाले, "तुम्हाला मुघलकाळाचं दालन देऊ, सोपं जाईल." हेतू चांगला होता. तरी मी म्हटलं, "उर्दू-फारसी अक्षरं आहेत तिथं जरूर उभी राहीन, सर. पण मला सातवाहनांचं दालनही द्या. मी पितळखोऱ्याच्या तालुक्यातली आहे." इथं थोडा धीर लागतो. आपण नको म्हणत नाही, आपण जास्त मागतो. मुसलमान मुलीने मुघलच सांगायचे आणि बाकी देशाचा इतिहास दुसऱ्यांनी, ही वाटणी आपणही नकळत मान्य करत आलो आहोत. मलिक अंबर सांगा, नहर सांगा, आणि भोकरदनला मिळालेल्या हस्तिदंती मूर्तीच्या जातीची मूर्ती इटलीतल्या पॉम्पेईत कशी निघाली, तेही सांगा. दोन हजार वर्षांपूर्वी इथला माल तिथवर जात होता.

आता व्यवहार. बिनपगारी काम आहे म्हणून काही विचारायचंच नाही, असं करू नका. आठवड्यात किती दिवस, प्रवासखर्च मिळतो का, ओळखपत्र, प्रशिक्षण, शेवटी अनुभवाचं पत्र, हे सगळं आधी विचारा. मी दोनच दिवस मागितले, गुरुवार आणि शनिवार. पिशोरहून जाऊन यायचं तर दिवस जातो. २०२३ च्या मार्चपासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून परवडतं. आणि एक स्पष्ट सांगते. ज्या मुलीच्या घरात तिच्या कमाईवर चूल पेटते, तिने हे काम वर्षानुवर्षं करू नये. सहा महिने करावं, पत्र घ्यावं आणि पगाराची जागा शोधावी. सेवेच्या नावाखाली बायकांकडून फुकट काम करून घ्यायची सवय आपल्या समाजात आधीच खूप आहे.

मला पहिल्या महिन्यात नाण्यांच्या दालनात बसवलं. सातवाहन पुढच्या महिन्यात मिळालं. तिथं पहिला नियम कळला की वस्तूंजवळ पेन न्यायचं नाही, फक्त पेन्सिल, शाईचा डाग जात नाही म्हणून. तेव्हापासून पर्समध्ये पेन्सिलच असते.

माझी ती वही आणि अर्जाची प्रत मी आणली आहे, ज्यांना पाहायची त्यांनी पाहा, फोटो काढा. आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या मुलींपासून सुरू करू, त्या मघापासून काहीतरी कुजबुजतायत.