ऐकलेला ग्रंथ

'वाचन' हा शब्द आपण नित्य वापरतो. परंतु त्याच्या पोटात काय दडले आहे याचा विचार सहसा करीत नाही. 'वाच्' म्हणजे वाणी. ग्रंथाला बोलते करणे, हेच मुळी वाचन. मुकाट्याने पाने उलटण्याची सवय त्या शब्दाला मागाहून जडली. म्हणून आज ज्याला ऑडिओबुक किंवा श्राव्य पुस्तक म्हणतात ते ऐकून कोणी 'मी अमुक कादंबरी वाचली' असे म्हणाले, तर त्याला हसण्याचे कारण नाही. मात्र ऐकणे हे वाचन केव्हा ठरते आणि नुसती करमणूक केव्हा, हा प्रश्न खरा आहे. त्याचे उत्तर या पुस्तकांच्या जन्मकथेतच मिळते.

एडिसनने १८७७ साली ध्वनिलेखनाचे यंत्र सिद्ध केले. दुसऱ्याच वर्षी त्याने त्या यंत्राचे जे उपयोग सांगितले, त्यांत अंधांसाठी बोलणारी पुस्तके हा एक होता. कल्पना उत्तम, पण तबकडीच्या एका बाजूवर चार-पाच मिनिटांहून अधिक बोलणे मावत नसे. एवढ्यात एखादे पद संपते. कादंबरीचे एक प्रकरणही संपत नाही. म्हणून ती कल्पना अर्धशतकाहून अधिक काळ तशीच पडून राहिली.

तिला चालना मिळाली ती पहिल्या महायुद्धाच्या दुःखातून. त्या युद्धात अनेक तरुण सैनिक दृष्टी गमावून परतले. प्रौढ वयात बोटांच्या टोकांनी ब्रेल लिपी शिकणे त्यांच्यापैकी पुष्कळांना जमेना. स्वतः रणांगणावर डोळे गमावलेले इयान फ्रेझर आणि त्यांचे सहकारी यांनी इंग्लंडात खटपट केली. तबकडी संथ फिरवली तर तिच्या एका बाजूवर सुमारे पंचवीस मिनिटे वाचन मावते, असे दिसून आले. १९३५ च्या नोव्हेंबरात तेथे अंधांच्या हाती पहिली बोलकी पुस्तके पडली. त्यांत जोसेफ कॉनरॅडची 'टायफून' ही कथा होती. अमेरिकेत हेच काम एक वर्ष आधी सुरू झाले होते. तेथील पहिल्या पुस्तकांत शुभवर्तमाने होती, स्तोत्रे होती, आणि शेक्सपिअरचे 'हॅम्लेट'ही होते.

या आरंभातून एक शिस्त निर्माण झाली. अंध वाचकाजवळ ताडून पाहण्यासाठी छापील प्रत नसते. वाचणाऱ्याने एखादा परिच्छेद गाळला, तर तो त्याच्यापुरता जगातून नाहीसा होतो. म्हणून ग्रंथ अखंड वाचायचा, उच्चार स्वच्छ ठेवायचे, आणि लेखक व श्रोता यांच्यामध्ये आपले पांडित्य वा अभिनय आडवा घालायचा नाही, हा बोलक्या पुस्तकाचा धर्म ठरला. संक्षेप करून, मागे वाद्ये वाजवून जे ऐकवले जाते, ते मनोरंजक असेल. त्याला ग्रंथ म्हणता येणार नाही.

नाटकाची गोष्ट थोडी निराळी आहे. नाटक जन्मतःच कानासाठी असते. वर्गात गडकऱ्यांचे लांबलचक भाषण मुले डोळ्यांनी वाचू लागली की दोन ओळींनंतर त्यांची नजर खाली घसरते. तेच भाषण कोणी मोठ्याने म्हटले की त्यातला अनुप्रास, त्याची लय, त्यातला उपरोध यांना जाग येते आणि वर्ग ताठ बसतो. पण श्राव्य नाटकात एक धोकाही आहे. रंगभूमीवर जो गप्प उभा असतो तो आपल्याला दिसत असतो. ध्वनीत जो गप्प असतो तो नसतोच. 'एकच प्याला'मधील सिंधूचे दुःख तिच्या बोलण्याइतकेच तिच्या न बोलण्यात आहे. ते कानापर्यंत कसे न्यायचे? घाई न करता, योग्य जागी थांबून. चांगला वाचक शब्दांइतकाच विरामही वाचतो.

हे वाचक धंदेवाईक नटच असले पाहिजेत असे नाही. कॅनडातील मॉन्ट्रियल शहरी २००५ साली 'लिब्रिव्हॉक्स' नावाचा उपक्रम सुरू झाला. ज्यांच्यावर कोणाचा स्वामित्वहक्क उरलेला नाही असे ग्रंथ तेथे स्वयंसेवक वाचतात आणि ती ध्वनिमुद्रणे सर्वांना विनामूल्य खुली करतात. नाटक असेल तर एकेक पात्र एकेकाने आपापल्या घरी बसून वाचायचे, आणि मग कोणी तरी ते सारे तुकडे सांधायचे. परस्परांना कधी न भेटलेली माणसे अशा रीतीने एकाच प्रवेशात एकमेकांशी बोलतात!

आता आपल्याकडे वळू. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या मराठी घरांत एक गोष्ट आढळते. मुलाच्या कानाला मराठी कळते, पण त्याच्या डोळ्यांना ती परकी झालेली असते. शाळेची लिपी कुठे कन्नड, कुठे गुजराती, कुठे रोमन. आजीचे बोलणे त्याला समजते; आजीचे पुस्तक समजत नाही. ही अडचण नवी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात राचोल येथे छापले गेले, ते मराठी भाषेत पण रोमन लिपीत. ते पुढे टिकले ते देवळांतून मोठ्याने म्हटले गेले म्हणून. पोथी, पुराण, कीर्तन या मार्गांनी चालत आलेल्या आपल्या भाषेला कान हे काही नवे दार नव्हे.

आणि या दाराला आज कुलूपही नाही. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी त्याच्या ग्रंथावरील स्वामित्वहक्क संपतो. हरिभाऊ आपटे आणि गडकरी १९१९ साली निवर्तले, लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली, साने गुरुजी १९५० साली. त्यांच्या मूळ लेखनावर आता आपणा सर्वांचाच हक्क आहे. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' तर लिहिलेली नव्हेत, बोललेलीच वाटतात. ती कोणी नीट वाचून दाखवावीत एवढीच त्यांची अपेक्षा आहे. बाबा पदमनजींची १८५७ सालची 'यमुनापर्यटन' किती जणांनी उघडून पाहिली असेल? विधवांच्या व्यथेची ती कहाणी आवाजाची वाट पाहत पडली आहे.

श्रोतेहो, तुमच्यापैकी अनेकांच्या खिशात आज ध्वनिमुद्रणाचे यंत्र आहे. निवृत्त शिक्षक, घरी स्पष्ट वाचणाऱ्या गृहिणी, नाट्यमंडळातील हौशी नट यांनी रोज अर्धा तास दिला, तर एक कादंबरी दोन-तीन महिन्यांत सहज वाचून होईल. वाचण्यापूर्वी प्रकरण एकदा मनात वाचावे, कठीण शब्दांचे उच्चार विचारून घ्यावेत, पंखा बंद करावा, आणि एकही ओळ गाळू नये. तुमच्या बोलण्यात बेळगावचा हेल असेल, इंदूरचा असेल. तो असू द्यावा. मराठी अशीही बोलली जाते, हे त्या मुलाला त्याच वेळी कळेल.

हे काम प्रथम अंधांसाठी सुरू करावे. वाचनाचा आनंद कानांनी घेता येतो, हे जगाने त्यांच्याकडूनच शिकले आहे. त्या ऋणाची एवढी तरी फेड व्हावी. त्यांच्यासाठी केलेले वाचन आपल्या मुलांच्याही उपयोगी पडेल, हा आपला लाभ.