दूरचा विचार कोणी करायचा?

वसईकडच्या राजोडीला समुद्र आणि वाड्या शेजारी शेजारी आहेत. तिथल्या वाडीवाल्याला आजच्या भाजीचा भाव पाहावा लागतो, तसा विहिरीचाही विचार करावा लागतो. पंप जादा चालवला तर आजचे पीक साधेल; पण किनाऱ्यालगत गोड्या पाण्याचा उपसा वाढला की जमिनीखालून खारे पाणी आत सरकते. एकदा विहीर मचूळ झाली की वाडीचे काय उरते? आता गंमत पाहा. पाण्याची चव बदलली हे मालकाच्या आधी पाणी लावणाऱ्या गड्याला कळते. त्याने सांगितले पाहिजे, आणि मालकाने ऐकले पाहिजे.

मोठ्या संस्थांच्या कारभारात यालाच धोरणात्मक विचार म्हणतात. शब्द भारी आहे, अर्थ साधा. आपण कोणासाठी आहोत, पुढे कोणती अडचण येणार आहे, आणि हाताशी असलेली माणसे, पैसा व वेळ पाहता आज काय करायचे व काय सोडायचे, एवढाच तो विचार.

नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घ्या. ते 1998 साली स्थापन झाले. त्यापूर्वी आपली वैद्यकीय महाविद्यालये मुंबई, पुणे अशा सर्वसाधारण विद्यापीठांना जोडलेली असत. आता वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या या साऱ्यांचा कारभार तिथून चालतो. बाहेरच्याला वाटते, विद्यापीठ म्हणजे परीक्षा, निकाल आणि पदवी. पण हिशेब करा. एम.बी.बी.एस.चा अभ्यास साडेचार वर्षांचा, त्यावर रुग्णालयातील उमेदवारीचे एक वर्ष. म्हणजे अभ्यासक्रमात आज केलेली सुधारणा रोग्याच्या खाटेपाशी पोचायला पाचसहा वर्षे लागतात. तेव्हा यंदाच्या निकालापलीकडे जो पाहत नाही, तो पाच वर्षांनंतरच्या रोग्याला विसरला, असेच म्हणावे लागेल.

मग हा विचार करायचा कोणी? कुलगुरूंनी, अधिष्ठात्यांनी? त्यांनी तर करायचाच. पण मी महाविद्यालयात शिकवतो, आणि बैठकींचा मला थोडाफार अनुभव आहे. एकदा आम्ही पुढील पाच वर्षांची योजना मोठ्या थाटात मांडली. फीच्या खिडकीवरचे कारकून शेवटी हळूच म्हणाले, "साहेब, खेड्यातली मुलं दरसाल मुदत मागायला येतात. पीक विकल्याशिवाय घरी पैसा नसतो." आमच्या सबंध योजनेत ही गोष्ट कुठेच नव्हती! ती त्यांना ठाऊक होती, कारण रोज खिडकीवर तेच उभे होते. चूक त्यांची नव्हे. आम्ही त्यांना कधी विचारलेच नव्हते.

याउलट वर्ध्याजवळचे सेवाग्राम पाहा. तिथे डॉ. सुशीला नायर यांनी 1969 साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, वैद्यकीय महाविद्यालय सुरू केले. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी खेड्यात शिबिराला राहावे आणि नेमून दिलेल्या कुटुंबांच्या आरोग्याची माहिती घ्यावी, अशी तिथली रीत. त्याच संस्थेने आसपासच्या गावांत आरोग्य विम्याची योजना चालवली, आणि वर्गणी घेतली ज्वारीच्या रूपाने, सुगीच्या दिवसांत. शेतकऱ्याच्या घरी रोकड नसते. पण सुगीला धान्य असते. ज्याने हे ओळखले त्याने खेडे डोळ्यांनी पाहिले होते. दूरचा विचार हा असा जवळून पाहिल्यावरच सुचतो.

वरिष्ठांनी दिशा ठरवावी. परिचारिका, कारकून, प्रयोगशाळेतील मदतनीस, रुग्णवाहिकेचा चालक यांनी वाटेतले खड्डे दाखवावेत. मात्र खड्डा दाखवणाऱ्यावर डोळे वटारले, की पुढच्या खेपेस तो गप्प बसतो, आणि संस्था आंधळी होते. कर्मचाऱ्यांनीही 'हे माझे काम नव्हे' म्हणून हात झटकू नयेत.

शिक्षकबंधूंनो, तुमची शाळा, तुमची ग्रामपंचायत, तुमची सोसायटी यांनाही हेच लागू आहे. पुढच्या सभेत योजना वाचून झाली, की शिपायाला, आशाताईला, पाणी सोडणाऱ्याला एक प्रश्न विचारा: तुम्हाला काय दिसते? आणि उत्तर मिळेपर्यंत थोडे थांबा. विहीर मचूळ झाल्यावर विचारून उपयोग नाही.