बलुते, बाजार, सरकार आणि सहकार
(वणी येथे समाजाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



अर्थव्यवस्थांचे प्रकार या विषयावर आम्ही बोलावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली. मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या मास्तराने अ‍ॅडम स्मिथ आणि मार्क्स यांच्या वादात पडणे हे धाडसच होय. परंतु सुताराच्या घरात जन्मलेल्यांनी या व्यवस्था ग्रंथांतच शोधल्या पाहिजेत असे नाही. वणीभोवतीच्या दहा-बारा कोसांत त्या सर्व नांदल्या आहेत.

पहिली बलुत्याची. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली 'गावगाडा' या ग्रंथात तिचे वर्णन केले आहे. वर्षभर कुणब्याची औते-पाभरी नीट ठेवावी आणि सुगीला खळ्यावर धान्याचा वाटा घ्यावा, हा आपल्या वाडवडिलांचा व्यवहार. त्यात भाव ठरवीत असे रूढी. पीक बुडाले की सुताराचे बलुतेही आटे. म्हणजे तोटा दोघांत वाटला जाई. वडीलधारी मंडळी या व्यवस्थेची आठवण गहिवरून काढतात. आम्हांस मात्र दुसरी बाजूही दिसते. सुताराच्या मुलाने सुतारच व्हावे, हा त्या गाड्याचा कणा होता. आपले स्थान निदान पहिल्या ओळीत मोजले जाई. ज्यांच्या वाट्यास वतनाच्या नावाखाली गावाची वेठ आली, त्यांचे काय? १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महार वतनाच्या सुधारणेसाठी मुंबई विधिमंडळात विधेयक आणले, ते याच जाचापायी.

दुसरी बाजाराची. पिंपळगाव बसवंतच्या लिलावात माल आणणाऱ्याची जात कोणी विचारीत नाही. हा बाजाराचा मोठाच गुण. पण भाव पिकवणाऱ्याच्या हाती नाही. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, ती मे २०२४ मध्ये खुली झाली. तोवरचा घाटा शेतकऱ्याने एकट्याने सोसला. येथे खळ्यावरचा भागीदार कोणी नव्हता. आपल्या धंद्यातही तयार दरवाजे आणि लोखंडी कपाटे आली, तेव्हा रंध्यावरचा हात किती कसबी आहे, हे गिऱ्हाईक पाहीनासे झाले.

तिसरी सरकारी. ओझरचा विमान कारखाना १९६४ साली मिग विमानांसाठी उभा राहिला. अशा ठिकाणी ठरल्या दिवशी पगार, भविष्यनिर्वाह निधी आणि हुद्द्याचा मान मिळतो. रशियाने १९२८ पासून पंचवार्षिक योजना आखून सबंध देशच एका कार्यालयातून चालवून पाहिला. पोलाद पुष्कळ झाले, दुकानांपुढे रांगाही लागल्या, आणि १९९१ साली ते संघराज्यच विसर्जित झाले. आपल्या देशाने १९५१ पासून संमिश्र मार्ग धरला आणि १९९१ मध्ये बाजाराकडे झुकते माप दिले. आपल्या मुलांना सरकारी नोकरी मिळावी, असे आम्हांसही वाटते. पण जागा मोजक्या आणि अर्ज अगणित.

राहिली सहकाराची, आणि येथे आम्ही थोडे रेंगाळणार आहोत. आपल्या दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाचे पाणी कालव्याच्या शेवटास, ओझरकडे, धड पोहोचत नसे. बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांच्या समाज परिवर्तन केंद्राने शेतकऱ्यांना संघटित करून पाणीवापर संस्था काढल्या. पाणी मोजून घ्यावयाचे, पट्टी सभासदांकडून आपणच गोळा करावयाची आणि वाटपाचे भांडण आपल्याच सभेत मिटवावयाचे, अशी ही रीत. पुढे अशा २४ संस्था झाल्या, आणि २००३ मध्ये संपूर्ण प्रकल्पाचा कारभार त्यांच्या संघाकडे आला. शेतकऱ्यांनी सिंचनाचे व्यवस्थापन करण्याचा राज्याचा कायदा झाला तो त्यानंतर, २००५ साली.

याच राज्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५० मध्ये प्रवरेचा साखर कारखाना उभा केला, आणि याच राज्यात पुढे कित्येक सहकारी कारखाने बंद पडले वा विकलेही गेले. जेथे सभासद वार्षिक सभेस केवळ भोजनापुरते येतात, तेथे सहकाराची पाटी राहते आणि मालकी दोन-चार घरांत जाते. (आजच्या पंगतीची वेळ जवळ आली आहे, हे आम्हांस ठाऊक आहे.)

आता प्रश्न आपल्या घरचा. भांडवलाअभावी आपली कसबी मुले दुसऱ्याच्या कारखान्यात रोजावर जातात. सामाईक यंत्रशाळा काढून करवत-रंध्याची यंत्रे सर्वांस भाड्याने द्यावीत, असा ठराव आज सभेपुढे आहे. त्यास आमचा पाठिंबा आहे. मात्र दोन दुरुस्त्या आम्ही सुचवितो. भाग कितीही घेतले तरी सभासदास मत एकच असावे. आणि जमाखर्चाची वही दर महिन्याच्या पहिल्या रविवारी समाजमंदिरात सर्वांसमोर उघडी ठेवावी. अध्यक्षमहाराजांनी या दुरुस्त्या मतास टाकाव्यात, ही विनंती.